वहिनींचा अडकलेला डाव

शिलाई मशीनचा एक स्क्रू निसटला म्हणून वहिनींनी नवऱ्याच्या डब्यात हात घातला, आणि हातात आली हार्ड डिस्क.

नवऱ्याचा डबा हे काय प्रकरण होतं तेही सांगायला हवं. गृहस्थ जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. निवृत्त झाले तरी गल्लीत त्यांना अजून लिफ्टवालेच म्हणायचे. कुठलीही वस्तू टाकायची म्हटली की त्यांच्या जिवावर यायचं. घरातला जुना कॉम्प्युटर एके दिवशी धूर काढून गेला, तेव्हा भंगारात देण्याआधी त्यांनी त्याचं हाडन्‌हाड सोडवून ठेवलं होतं. त्यातलीच ही एक वस्तू, जुन्या मोज्यात गुंडाळलेली. वर चिकटपट्टी, आणि पट्टीवर भाऊजींच्या तिरक्या अक्षरात 'लिनक्स'.

वहिनींनी पट्टी दोनदा वाचली. मग "अहो!" अशी हाक मारली की शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"ही तुमच्याकडे होती? इतकी वर्षं?"

"काय होती?" लिफ्टवाले पेपर घेऊनच आले.

"माझा डाव!"

"अरे देवा," म्हणत लिफ्टवाले तसेच मागे फिरले. पण वहिनींनी पेपरचं टोक धरून ठेवलं होतं.

आता हा डाव कसला, तर बुद्धिबळाचा. भाऊजी म्हणजे लिफ्टवाल्यांचे धाकटे भाऊ. लग्नाआधी ते यांच्याकडेच राहायचे. कॉम्प्युटरचं भारी वेड. थोरल्या भावाच्या कॉम्प्युटरमध्ये त्यांनी स्वतःची एक सेकंडहँड डिस्क बसवली, तिच्यावर युनिक्सच्या कुळातली ती लिनक्स नावाची सिस्टीम चढवली, आणि तिच्यात स्वतःच्या हातानं बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला. वीज कधीही जायची म्हणून दर चालीला डाव आपोआप साठवला जाईल अशी सोयही केली. प्रोग्राम हुशार होता, यात वाद नाही. घरातल्या प्रत्येकाला त्यानं पाणी पाजलं. लिफ्टवाले तर चहा गार व्हायच्या आत हरायचे, आणि वर खुर्ची डुगडुगते म्हणायचे.

वहिनी पडदे शिवायच्या. लांबच लांब टीप घालता घालता डोक्यात चाल शिजायची. ती उठून खेळायची आणि परत मशीनवर बसायचं. हरणं त्यांना जड गेलं नसतं. पण हरल्यावर पडद्यावर जे यायचं ना, ते जिव्हारी लागायचं. भाऊजींनी हरणाऱ्यासाठी टोमणे लिहून ठेवले होते, एकाहून एक खवचट. वहिनींच्या वाट्याला नेमका यायचा तो, "वहिनी, दूध उतू जातंय, तिकडे बघा!"

आणि एका दुपारी त्यांना दिसलं. दोन चाली. वजीर द्यायचा आणि पुढच्या चालीला घोड्यानं मात. त्या उठून उभ्या राहिल्या, ओरडून सगळ्यांना बोलावलं, "या, या, हरवते बघा याला!" आणि सगळे येऊन उभे राहतात तोच कॉम्प्युटरच्या पाठीतून धूर निघाला.

"वजीर देऊन कोणी जिंकतं का वहिनी?" भाऊजी पोट धरून हसले. लिफ्टवाले म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." झालं! त्या दिवसापासून घराण्यात म्हणच पडली. कोणी म्हणालं, मी नापास झालो कारण पेपर हरवला, की बाकीचे म्हणणार, "हो हो, आणि वहिनी जिंकत होत्या!" कोणी म्हणालं, काल मी पाच वाजता उठून फिरायला गेलो, की लगेच, "आणि वहिनी जिंकत होत्या!" बारशाला, लग्नाला, फोनवर. पुढे पुढे तर नव्या सुना-जावयांना तिच्यामागची गोष्टही ठाऊक नसायची, पण म्हण मात्र पाठ. स्वतःच्या डोळ्यांदेखत आपलं नाव 'थाप' या शब्दाच्या बदली वापरलं जातंय, हे किती लागतं ते ज्याचं त्यालाच कळतं. वहिनी हसायच्या सगळ्यांबरोबर. पण आत कुठेतरी दर वेळी टोचायचं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," वहिनी डिस्क पदरानं पुसत म्हणाल्या. "रविवारी भाऊजी जेवायला येतायत ना? त्यांच्यासमोर खेळून दाखवते. चला."

"कुठे?"

"डॉक्टरीणबाईंकडे."

डॉक्टरीणबाई कसल्या डॉक्टर नव्हत्या. चावीवाला आणि इस्त्रीवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मेलेल्या मशिनी उठवतात म्हणून लोकांनीच ती पदवी दिलेली. वय असेल पस्तीसेक, केसांत कायम एक टेस्टर खोचलेला, आणि बोलणं असं की गिऱ्हाइकाला आपलाच कॉम्प्युटर आजारी पडल्याबद्दल अपराधी वाटावं.

रविवारी सकाळी दुकान उघडता उघडताच दोघं हजर. डॉक्टरीणबाईंनी डिस्क कानाशी नेऊन हलवली, उजेडात धरली, मागच्या पिना पाहिल्या.

"म्हातारी आहे हो. यातल्या फाइली काढून पेन ड्राइव्हवर देऊ?"

"फाइली नकोत. मला हिच्यातला डाव खेळायचाय."

"अच्छा. मग हिलाच उठवायला लागेल. तो प्रोग्राम नव्या मशीनवर चालायचा नाही." त्यांनी टेबलाखालून जुन्या कॉम्प्युटरचा एक पिवळट पडलेला डबा ओढून काढला. "ह्याला जमेल. पण आधी नक्कल काढून घेऊ का? चार तास लागतील. ही किती वेळा फिरेल त्याची खात्री नाही."

"चार तासांत भाऊजी जेवून, ढेकर देऊन, झोप काढून परत जातील," वहिनी म्हणाल्या. "लावा तुम्ही."

"गेली तर मला बोलायचं नाही."

वहिनींनी मान हलवली.

"टोपी मी घरूनच लावून आणलीय," लिफ्टवाले मध्येच पुढे झाले. जुन्या डिस्कच्या मागे पिनांवर एक इवलीशी टोपी असते. ती कुठल्या पिनांवर बसवली त्यावरून, एका वायरवरच्या दोन डिस्कपैकी ही पहिली की दुसरी ते ठरतं. "चिमट्यानं बसवलीय. पक्की पहिली. चाळीस वर्षं वायरिंग केलंय मी, आम्हाला शिकवायला नको."

"बरं बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रुंद पट्टीसारखी वायर जोडली, आणि बटण दाबलं.

काही नाही. मग कट्. मग पुन्हा कट्. वहिनींनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंनी डिस्क हातात घेतली, मनगटाला एक हलका झटका दिला, झोपलेल्या पोराची कूस बदलावी तितकाच. आणि आतून घुर्रर्र असा आवाज सुरू झाला.

"फिरली!" वहिनी ओरडल्या. चावीवाल्यानं मान आत घातली. "काय झालं? कोण फिरलं?"

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धो धो वाहायला लागली. ओळींमागून ओळी. वहिनींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती अक्षरं ओळखीची होती. अशीच वाहायची, आणि मग थांबून नाव विचारायची. त्या खुर्चीच्या कडेला आल्या.

अक्षरं थांबली. पण नाव काही विचारलं नाही. शेवटची ओळ तशीच लटकून राहिली.

"पॅनिक," डॉक्टरीणबाईंनी वाचलं.

"म्हणजे?"

"म्हणजे घाबरलीय. मी नाही म्हणत, सिस्टीमच म्हणते असं. पाचावर धारण बसली की हेच लिहिते आणि हातपाय गाळून बसते."

"कशाला घाबरली पण?" वहिनींचा आवाज चिरकला. "गेली का?"

"थांबा हो, वाचू द्या." टेस्टर केसांतून निघाला आणि पडद्यावरच्या एका ओळीखाली फिरला. "ही म्हणतेय, माझं बिऱ्हाड दुसऱ्या डिस्कवर आहे. तिथे गेले तर तिथे कोणीच नाही. स्वतःच पहिल्या जागेवर बसलीय, आणि स्वतःला दुसऱ्या जागेवर शोधतेय." त्यांनी मान वळवली. "काका, तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ही कितव्या जागेवर होती?"

"पहिल्या," लिफ्टवाले ठामपणे म्हणाले.

"बघितलं होतंत?"

"बघायला कशाला हवं? जुनी डिस्क आहे. तुमच्याकडच्या कुठल्याही डिस्कपेक्षा वयानं मोठी. मोठ्याला पहिला मान! आमच्या घरात तरी हीच पद्धत आहे."

ही गोष्ट मात्र खरी. त्या घरात पेपर आधी थोरल्यानं वाचायचा, गरम पाणी आधी थोरल्याला, खिडकीची जागा थोरल्याला. लिफ्टवाल्यांनी उभा जन्म याच हिशोबानं काढला होता. लिफ्टमध्येसुद्धा म्हणे ते वयानुसार माणसं चढवायचे. चिमट्यात टोपी धरून बसले तेव्हा त्यांच्या मनात दुसरा विचार येणं शक्यच नव्हतं.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, त्या कॉम्प्युटरमध्ये पहिली डिस्क तुमची होती! तुमचे लिफ्टचे नकाशे होते तिच्यावर, आणि तो पत्त्यांचा खेळ. भाऊजींनी ही नंतर आणली. आणि तुम्हीच दम दिला होतात त्यांना, आठवतंय? धाकट्यानं माझ्या मागे बसायचं म्हणून!"

"मी?"

"नाहीतर काय मी? बिचारे भाऊजी म्हणाले, दादा, जागेनं काही फरक पडत नाही, तरी तुमचं आपलं एकच. मग त्यांनी मागे बसवली आणि तिथूनच सुरू करायची सोय करून घेतली."

इस्त्रीवालाही एव्हाना दाराशी येऊन उभा होता. तो फस्सकन हसला. लिफ्टवाल्यांनी घसा साफ केला आणि छताचा पंखा न्याहाळायला लागले.

"म्हणजे डिस्क धाकट्याची," डॉक्टरीणबाई टोपी उपसत म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला थोरलीच्या पाटावर बसवलीत. घाबरेल नाही तर काय करेल?" त्यांनी टोपी सरकवली, पहिल्या जागेवर दुकानातली एक रिकामी डिस्क जोडली, आणि सेटिंगमध्ये जाऊन मशीनला सांगितलं की सुरुवात दुसरीपासून कर. मग बटणावर बोट ठेवून थांबल्या. "परत झटका द्यायला लागला तर मला खात्री नाही हं."

"दाबा," वहिनी म्हणाल्या.

कट्. सगळे श्वास धरून उभे. कट्. आणि घुर्रर्र! अक्षरं वाहायला लागली, मघाच्या ओळीपाशी आली, आणि तिथे न अडता धडाधड पुढे गेली. मग पडदा स्वच्छ झाला आणि कोपऱ्यात एकच शब्द उरला. नाव विचारत होता.

चावीवाल्यानं टाळी वाजवली. वहिनींनी मात्र हात मागे घेतला. इतका वेळ डिस्क चालू होईल का, एवढीच काळजी होती. ती झाली चालू, आणि आता एक निराळीच भीती छातीवर बसली. आत तो डाव तसा नसला तर? इतकी वर्षं आपण मनात जो पट घोळवला, त्यातला घोडा खरं तर एक घर अलीकडे असला तर? सगळे म्हणत होते तेच खरं निघालं तर? मग कोणाला सांगणार?

"काय गं?" लिफ्टवाले हळूच म्हणाले.

"काही नाही. हात गार पडलेत."

त्यांनी दुकानात आलेला स्वतःचा गरम चहाचा पेला वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो घटकाभर नुसताच धरून ठेवला, मग नाव टाइप केलं, मग डावाचं. पट उमटला. सोंगट्यांची चित्रं नव्हतीच त्यात कधी, नुसती अक्षरं, चौकोनात मांडलेली. वहिनींनी चष्मा वर केला, खाली केला. ओठांतल्या ओठांत घरं मोजली.

मशीनचा राजा कोपऱ्यात. पुढे त्याचीच प्यादी, बाजूला एक घर सोडून त्याचाच हत्ती. घोडा होता. बरोब्बर तिथेच होता.

"आहे!" वहिनी एवढंच म्हणू शकल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

आणि नेमक्या त्याच वेळी दारातून आवाज आला, "काय हे, जेवायला बोलावून घराला कुलूप? शेजारच्यांनी इकडे धाडलं मला." भाऊजी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फळं, डोक्यावर केस राहिले नव्हते पण हसणं तेच. पडद्याकडे नजर गेली आणि पिशवीच खाली ठेवली त्यांनी. "अरेच्चा! माझी डिस्क! जिवंत आहे ही?"

"तुमची डिस्क आहे, डाव माझा आहे," वहिनी म्हणाल्या. "या, बसा. हातच्या काकणाला आरसा कशाला? बघा स्वतःच."

भाऊजी हसत हसतच वाकले. "म्हणजे वहिनी अजून..." आणि ती म्हण त्यांच्या जिभेवर आलेली सगळ्यांना कळली. पण वहिनींनी चाल टाइप करून टाकली होती. वजीर उचलला आणि थेट राजाच्या शेजारी नेऊन ठेवला. शह!

"गेला वजीर!" भाऊजी ओरडले. "वहिनी, अहो हत्ती खाईल ना त्याला!"

"खाऊ दे की. राजाला खाता येतो का?"

"राजाला नाही येत, घोड्याचा जोर आहे मागे, पण हत्ती..." बोलता बोलता भाऊजी थांबले. वाकलेले होते ते हळूहळू ताठ झाले.

डिस्क घुरघुरली. मशीनच्या हत्तीनं वजीर खाल्ला. खाणं भागच होतं त्याला. आता राजा आपल्याच माणसांत चहूबाजूंनी कोंडला गेला. वहिनींनी शांतपणे घोडा टाकला.

"मात," त्या म्हणाल्या.

इस्त्रीवाल्याला बुद्धिबळ येत नव्हतं, तरी तो "आईशप्पथ!" म्हणाला. सगळ्यांच्या नजरा पडद्यावर. आता मशीन काय म्हणतंय ते बघायचं होतं.

मशीन काहीच म्हणालं नाही. घोडा आपल्या घरात गेला आणि पटाखाली नुसती रेघ लुकलुकत राहिली. थोडा वेळ गेला. डॉक्टरीणबाईंनी एक बटण दाबून पाहिलं. तरी रेघच.

"अडकलं का पुन्हा?" वहिनींचा चेहरा पडला. "झाली ना हो मात? की अजून आहे काही?"

"अडकलं नाही वहिनी," भाऊजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मातच आहे. तिला कळलंय मात झाली ते. फक्त... म्हणायचं काय ते तिला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणी जिंकलं तर काय म्हणायचं, ती ओळ मी लिहिलीच नव्हती. हरणाऱ्यांसाठी खूप लिहिल्या. पण घरातलं कोणी जिंकेल असं..." त्यांनी टक्कल खाजवलं. "डोक्यातच नाही आलं कधी."

चावीवाला जागच्या जागी चुळबुळला. वहिनी भाऊजींकडे बघत होत्या, आणि त्यांना राग यायला हवा होता, यायलाच हवा होता. पण त्यांना हसू फुटलं. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. त्या हसतायत म्हटल्यावर लिफ्टवाले हसले, डॉक्टरीणबाई हसल्या, शेवटी भाऊजीही.

"उठा," वहिनी खुर्चीवरून उठत म्हणाल्या. "बसा इथे. लिहा आता."

"आत्ता?"

"मग केव्हा? भूक लागलीय मला."

भाऊजी निमूट बसले. प्रोग्राम उघडला. आपणच लिहिलेले टोमणे एकामागून एक नजरेखालून जाताना ते बरेच ओशाळले. मग योग्य जागी येऊन थांबले, आणि बोटं तशीच हवेत.

"काय लिहू?"

"इतकी वर्षं माझी थट्टा करायला भराभर सुचत होतं. आता एक चांगलं वाक्य सुचेना होय?"

भाऊजी खरंच गोंधळले. मदतीसाठी त्यांनी थोरल्या भावाकडे पाहिलं. लिफ्टवाले पुढे आले, भावाच्या खांद्यावरून वाकले, आणि जन्मात पहिल्यांदाच धाकट्याच्या मागे उभे राहून हळू आवाजात सांगितलं, "लिही. 'वहिनी, आमचं चुकलं.'"

भाऊजींनी लिहिलं. त्या जुन्या यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मग साठवलेला डाव दोन चाली मागे नेला आणि खुर्ची रिकामी केली. वहिनी बसल्या. पुन्हा वजीर दिला, पुन्हा हत्तीनं खाल्ला, पुन्हा घोडा टाकला. पडद्यावर ते वाक्य आलं.

वहिनींनी ते वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"चला आता, जेवण खोळंबलंय," लिफ्टवाले म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे, पानं घ्या," वहिनी म्हणाल्या, आणि डाव दोन चाली मागे नेला.